नळी गुळगुळीत असूनही रक्त का गोठतं?

गेल्या अंकात डायलिसिसवर लिहिलं होतं, त्यात एका ओळीत हातातली धमनी आणि शीर जोडणाऱ्या कृत्रिम नळीचा, म्हणजे ग्राफ्टचा उल्लेख आला होता, आणि सगळ्यात जास्त पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज आले ते त्या एका ओळीवरच. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्याच विषयाला दिलाय. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं काढली आहेत, भाषा तुमचीच ठेवली आहे.

केज तालुक्यातून एक वाचक: वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू हाय. हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर थेट एकमेकींना जोडणं) दोनदा केला, दोन्हीदा बसला नाही, मग डॉक्टरांनी हातात नळी टाकली. सात महिन्यांत ती पण बंद पडली, गुठळी झाली म्हणले. आमच्या बोरचं पाणी क्षाराचं हाय, ड्रीप चोक झालं की आम्ही ॲसिड सोडून लॅटरल धुवून काढतो, फिल्टर बदलतो, चालू होतंय. मग माणसासाठी चोक न होणारी नळी बनवायला एवढं काय अवघड हाय? इतके शास्त्रज्ञ काय करायलेत?

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी वडिलांचं बोलू. नळी पहिल्यांदा बंद पडली म्हणजे ती कायमची गेली असं नसतं. लवकर, म्हणजे शक्यतो एक-दोन दिवसांत पोहोचलात तर गुठळी काढता येते, आणि जिथं नळी निमुळती झाली असेल तिथं फुगा फुगवून वाट मोठी करता येते. उशीर झाला की गुठळी घट्ट होते आणि मग अवघड जातं. नवीन नळी टाकली असेल तर रोज सकाळी तिच्यावर बोटं ठेवून थरथर लागते का बघत जा. थरथर मंद वाटली, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा टेक्निशियन म्हणाला की मशिनवर व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शरीरात परत जातानाचा दाब, वाढायलंय, तर ‘पुढच्या डायलिसिसला बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा. बंद पडायच्या आधी नळी बहुतेक वेळा असा इशारा देते.

आता तुमचा खरा प्रश्न. ड्रीप का चोक होतं? पाण्यात क्षार असतो, शेवाळ असतं, ते साचतं. पाणी स्वतःहून काही करत नाही. रक्ताचं तसं नाही. रक्तात बाहेरून काही घाण आलेली नसते, रक्तच ठरवतं की इथं गोठायचं. कारण शरीराच्या हिशोबाने रक्ताला परकी वस्तू लागली याचा एकच अर्थ असतो, जखम झाली. विळा लागला, बाभळीचा काटा घुसला, काहीतरी फाटलं. मग रक्त आपलं काम करतं, भोक बुजवतं. तुमच्या वडिलांच्या हातातली नळी म्हणजे रक्ताच्या नजरेत कधीच बरी न होणारी जखमच आहे म्हणा ना.

हे घडतं किती लवकर ते सांगते, कारण मी काही वर्षं लॅबमध्ये हेच बघितलंय, नळीत मेंढीचं रक्त फिरवायचं आणि ठरावीक वेळाने नळी उभी कापून आत बघायचं. रक्त लागल्यावर काही सेकंदांतच नळीच्या आतल्या बाजूवर प्रथिनांचा थर चढतो. आधी येतात ती रक्तात भरपूर असलेली, हलकी प्रथिनं, अल्ब्युमिनसारखी, मग त्यांना ढकलून दुसरी बसतात, त्यात फायब्रिनोजेन असतं, गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते. या अदलाबदलीला व्रोमन इफेक्ट म्हणतात, लिओ व्रोमन नावाच्या, मूळच्या नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञाच्या नावावरून, हे गृहस्थ कवी पण होते. तर एकदा फायब्रिनोजेन बसलं की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला धावणाऱ्या बारीक पेशी, त्याला ओळखतात, येऊन चिकटतात, चपट्या होतात, स्वतःमधली रसायनं सोडून अजून प्लेटलेट्सना बोलावतात. दुसरीकडे गोठण्याची साखळी सुरू होते आणि शेवटी फायब्रिनचे धागे तयार होतात, त्या जाळ्यात लाल पेशी अडकतात. झाली गुठळी.

म्हणजे प्लास्टिक किती गुळगुळीत केलं तरी प्रश्न सुटत नाही. आम्हालाही सुरुवातीला वाटायचं की आरशासारखं चकचकीत करा, होईल काम. नाही होत. कारण निरोगी रक्तवाहिनी गुळगुळीत आहे म्हणून तिच्यात रक्त गोठत नाही असं नाहीच मुळी. तिच्या आत पेशींचं अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं, त्याला एंडोथेलियम म्हणतात, आणि ते अस्तर चोवीस तास राबत असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, काही सेकंदच टिकणारा, पण तेवढ्यात प्लेटलेट्सना दूर ठेवणारा आणि नस सैल ठेवणारा. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. हेच अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडतं, ते पण प्लेटलेट्सना शांत करतं. अस्तराच्या अंगावर हेपॅरिनसारख्याच, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधासारख्याच रेणूंची लव असते. थ्रॉम्बिन म्हणजे गुठळी करवणारा मुख्य पदार्थ, तो आला की हे अस्तर त्याला पकडून असं वळवतं की तोच उलट गोठणं थांबवायच्या कामाला लागतो. आणि एवढं करूनही कुठं छोटी गुठळी झालीच तर ती विरघळवणारा पदार्थ पण तेच सोडतं. आता सांगा, नळीच्या कुठल्या कारखान्यात असं काम करणारं प्लास्टिक बनेल?

एक अजून गोष्ट, जी पेशंटला सहसा कुणी उलगडून सांगत नाही. डायलिसिसच्या नळीत गुठळी ही बऱ्याचदा शेवटची घटना असते, मूळ दुखणं आधीच सुरू झालेलं असतं. नळीचं टोक जिथं शिरेला जोडलंय तिथं शीर आतून जाड व्हायला लागते. एकतर नळी कडक आणि शीर लवचीक, दोघींचं जमत नाही, त्यात धमनीच्या जोराचं रक्त सरळ शिरेत घुसतं, ज्याची तिला सवय नाही. शीर स्वतःला वाचवायला आतून थर वाढवते आणि वाट अरुंद करून बसते. वाट अरुंद झाली, रक्त रेंगाळलं, त्यात एखाद्या दिवशी डायलिसिसमध्ये पाणी जास्त काढलं, बीपी पडला, की गुठळी. म्हणून ज्यांना न चोकणारी नळी बनवायचीय त्यांना दोन लढाया लढायच्यात, गोठणं थांबवायचं आणि हा आतला थर पण थांबवायचा. तुमच्या ॲसिडसारखं काही सोडून धुता येत नाही कारण त्याच रक्तावर सगळं शरीर चालतं. सगळ्या रक्ताचंच गोठणं बंद केलं तर नळी वाहील पण डोक्यात रक्तस्राव होईल.

आणि वडिलांच्या त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, त्या हातावर झोपायचं नाही, घट्ट बाहीचा सदरा नाही, जड पोतं उचलायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पैठणहून एक विणकर: आमचं घराणं हातमागावर पैठणी विणतं. पाव्हण्यांपैकी एकाचं मुंबईला पोटातल्या मोठ्या नसेचं ऑपरेशन झालं, ती नस फुग्यासारखी फुगली होती. तो सांगतो की डॉक्टरांनी आत कापडाची नस बसवली. कापडाची? तो चेष्टा करतोय की खरं आहे?

शंभर टक्के खरं आहे काका, आणि हे पत्र बघून मला फार आनंद झाला, कारण हा सगळा इतिहासच सुईदोऱ्याचा आणि मागाचा आहे.

सुरुवात भरतकामापासून करू. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर लियों शहरात सुरीहल्ला झाला, पोटातली मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता येत नव्हती म्हणून ते गेले. अलेक्सी कॅरेल नावाच्या तरुण डॉक्टरला हे फार लागलं. तो लियोंमधल्याच एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे गेला आणि तिच्याकडून बारीक सुईचं काम शिकला, आणि मग रक्तवाहिन्या टोकाला टोक जोडून शिवायची पद्धत त्याने बसवली. १९१२ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

मग कापड. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्होरहीस नावाचा डॉक्टर शिकत होता. १९४७ मध्ये त्याला एका कुत्र्याच्या हृदयात एक रेशमी टाका दिसला, चुकीच्या जागी पडलेला, आणि काही महिन्यांनी त्या धाग्यावर चमकदार पातळ पापुद्रा चढला होता, जणू शरीराने त्याला आपलं मानून अस्तर लावलं. त्याच्या मनात आलं, एका धाग्याला अस्तर लागतं तर अख्ख्या कापडाच्या नळीला का लागणार नाही? त्याने रेशमी रुमालाची नळी शिवून बघितली, पुढे पॅराशूटसाठी वापरायचं विनियॉन नावाचं कापड घेतलं, आणि १९५२ मध्ये कुत्र्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्याच दशकात ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डॅक्रॉन नावाचं नवीन कापड दिलं, तेच घेऊन घरी आले आणि बायकोच्या शिलाई मशिनवर नळ्या शिवल्या. शिवणकाम त्यांना लहानपणी आईने शिकवलेलं. डॅक्रॉन म्हणजे आपलं पॉलिस्टर. आजही पोटातल्या महारोहिणीसाठी, म्हणजे त्याच मोठ्या नसेसाठी, पॉलिस्टरच्याच नळ्या वापरतात.

तुम्हाला कारागिरीतलं कळेल म्हणून थोडं खोलात जाते. या नळ्या दोन तऱ्हेच्या असतात. एक तुमच्यासारखी, उभ्या-आडव्या धाग्यांची, घट्ट विणलेली, ती गळत नाही पण कडक असते आणि कापलेल्या कडेला उसवते. दुसरी स्वेटरसारखी, फासे गुंफलेली, ती मऊ, शिवायला सोपी, पण सच्छिद्र, रक्त झिरपतं. मग पूर्वी सर्जन काय करायचे तर पेशंटचंच थोडं रक्त आधी काढून नळी त्यात भिजवायचे, रक्त भोकांमध्ये गोठायचं आणि नळी गळायची थांबायची. म्हणजे ज्या गोठण्याशी भांडण तेच इथं कामाला लावलं. आता नळी कोलॅजन नावाच्या प्रथिनाने किंवा जिलेटिनने भरूनच येते. शिवाय तिला आडव्या चुण्या पाडलेल्या असतात, म्हणजे वाकवली तरी मुडपत नाही.

पण व्होरहीसच्या त्या चमकदार पापुद्र्याने पुढे खूप वर्षं लोकांची दिशाभूल केली. कुत्र्यांमध्ये, मेंढ्यांमध्ये, उंदरांमध्ये नळीच्या आत जिवंत अस्तर छान पसरतं. माणसात ते दोन्ही टोकांकडून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर आत सरकतं आणि थांबतं. बाकी नळी आयुष्यभर अस्तराविना उघडीच राहते. जनावरांवर झकास निघालेली किती तरी डिझाइन्स माणसात आल्यावर बंद पडली त्याचं एक मोठं कारण हे आहे.

मग तुमच्या पाव्हण्याची नळी कशी चालते? मोठी आहे म्हणून. पुढच्या पत्रात हिशोब करून दाखवते.

नांदेडहून टेक्स्टाइलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी: मॅडम, मी वाचलं की ६ मिमीपेक्षा बारीक कृत्रिम रक्तवाहिनी अजून नीट जमलेली नाही. म्हणजे मोठी जमते आणि छोटी नाही, असं का? आणि यात टेक्स्टाइलवाल्यांना काही काम आहे का, की सगळं डॉक्टर आणि केमिस्ट्रीवाल्यांचंच आहे?

हिशोब वहीवर मांड. समज नळीच्या आत सगळीकडून अर्धा मिलिमीटर जाडीचा थर बसला. नळी २० मिमीची असेल तर वाट १९ मिमी उरली. नळी ३ मिमीची असेल, जशी हृदयाच्या नसेला लागते, तर उरली २ मिमी. आता नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, प्वाझेचा नियम, तू शिकली असशील. मोठ्या नळीत प्रवाह साधारण ८१ टक्के उरतो, म्हणजे पेशंटला पत्ताही लागत नाही. छोट्या नळीत दोन-तृतीयांशाचा चौथा घात, वीस टक्क्यांच्याही खाली. तोच थर, तेच रक्त, आणि एकाला काही होत नाही अन् दुसऱ्याला हार्ट अटॅक. त्यात मोठ्या नळीत प्रवाह जोरात असतो, चिकटू पाहणाऱ्या प्लेटलेट्स वाहून जातात, बारीक नळीत, त्यातही गुडघ्याखाली, रक्त रेंगाळतं.

म्हणूनच बायपासला आजही पेशंटचीच नस काढतात. छातीच्या आतली धमनी वापरली तर दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांच्या आसपास वाहत्या असतात. पायाची शीर वापरली तर तेवढ्या काळात निम्म्याच्या आसपास खराब होतात. म्हणजे स्वतःची जिवंत शीरसुद्धा धमनीच्या जागी बसवली की थकते, मग प्लास्टिकला दोष तरी किती द्यायचा.

आता काय काय चाललंय. मला विचारशील तर सगळ्या प्रयत्नांचे तीन स्वभाव आहेत. पहिला, ‘मला चिकटूच नका’. नळीवर पाणी धरून ठेवणाऱ्या रेणूंचा थर लावायचा, पीईजी नावाच्या पॉलिमरचा किंवा ज्यांच्यावर अधिक आणि उणे दोन्ही भार शेजारी-शेजारी असतात अशा झ्विटरआयन रेणूंचा, म्हणजे प्रथिनाला बसायला जागाच मिळत नाही. यातलाच एक देखणा प्रकार हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘वीस’ (Wyss) इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये दाखवला, घटपर्णीवरून सुचलेला, तीच कीटक खाणारी वनस्पती जिची एक जात आपल्या मेघालयात सापडते, तिच्या काठावरून किडा घसरतो कारण काठावर पातळ द्रवाचा थर असतो. यांनी नळीच्या आत तसाच द्रवाचा थर धरून ठेवला आणि डुकरांमध्ये हेपॅरिन न देता आठ तास रक्त वाहतं राहिलं. पण आठ तास म्हणजे कॅथेटरसाठी, थोड्या काळापुरत्या घातलेल्या नळीसाठी ठीक, वर्षानुवर्षं आत राहणाऱ्या नळीसाठी नाही.

दुसरा स्वभाव, ‘मी औषध घेऊन बसलोय’. नळीच्या आत हेपॅरिन रासायनिक बंधाने बांधून ठेवतात, अशा नळ्या बाजारात आहेत, पायाच्या बायपासमध्ये काही अभ्यासांत त्यांचा फायदा दिसला, डायलिसिसमध्ये तेवढा स्पष्ट दिसला नाही. नायट्रिक ऑक्साइड सोडणारी प्लास्टिकं पण बनवलीत, पण साठा संपला की काम संपलं, म्हणून काही जण तांब्यासारखा उत्प्रेरक पृष्ठभागावर बसवून रक्तातल्याच संयुगांमधून तो वायू काढायचा प्रयत्न करतात. ही कल्पना मला फार आवडते, कारण ती नळी साठ्यावर जगत नाही, वाहत्या रक्तातूनच कमावते.

तिसरा, ‘मला जिवंत करा’. म्हणजे पेशंटच्याच पेशींचं अस्तर आत लावायचं. व्हिएन्नाच्या लोकांनी पेशंटच्या शिरेतून पेशी काढून, लॅबमध्ये वाढवून, नळीला आतून लावून मग ती पायात बसवली, निकाल चांगले आले, पण त्याला काही आठवडे लागतात आणि ज्याचा पाय आज काळा पडायलाय त्याच्याकडे आठवडे नसतात.

आणि टेक्स्टाइलचं काय म्हणतेस! अगं तुझंच काम आहे हे. धाग्याची जाडी, छिद्राचा आकार, नळी किती ताणली जाते, धमनीसारखी ठोक्याबरोबर फुगते का, सुई-टाका धरते का, हे सगळं कापडाचं शास्त्र आहे. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये विजेच्या दाबाने केसापेक्षा किती तरी बारीक धागे ओढून नळी बनवतात, ते तुमच्या फायबर सायन्सचंच पुढचं पान. डायलिसिसमध्ये टाकतात ती नळी ई-पीटीएफईची असते, म्हणजे नॉनस्टिक तव्याचं टेफलॉन ताणून केलेली, १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी तापलेली कांडी हळू न ओढता एकदम हिसका देऊन ओढली आणि तिच्या आत बारीक धागे-गाठींची जाळी तयार झाली. नेटाने अभ्यास कर, डिग्रीनंतर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटकडे बघ. डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवलेली देशी हृदयाची झडप, चित्रा व्हॉल्व्ह, तिथलीच, आणि त्या झडपेला शिवायची जी गोल कडा असते ती पॉलिस्टरच्या कापडाचीच आहे.

जालन्याजवळून एक तुती उत्पादक: आम्ही बायव्होल्टाईन कोष काढतो, जालन्याच्या कोष मार्केटला घालतो. मुलगा म्हणतो रेशमापासून माणसाच्या नसा बनवायलेत, उद्या भाव वाढेल. तथ्य किती?

नसांचं तथ्य आहे, भावाचं आत्ताच मनात धरू नका. कोषातल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंक असतो, तो उकळून काढला की उरतं ते फायब्रॉइन, आणि ते शरीर बऱ्यापैकी सहन करतं, ऑपरेशनचे टाके रेशमाचे असतातच की. जपानमध्ये या फायब्रॉइनच्या दीड मिलिमीटरच्या नळ्या करून उंदरांच्या महारोहिणीत बसवल्या आणि वर्षभरानंतरही बऱ्याच वाहत्या राहिल्या, शिवाय रेशीम हळूहळू विरघळत गेलं आणि त्या जागी उंदराचंच ऊतक आलं. पण पैठणच्या काकांना जे सांगितलं ते इथंही लागू आहे, उंदरात अस्तर पटकन पसरतं, माणसात नाही. आणि एका नळीला रेशीम लागतं ते किती, काही कोषांचं. तुमच्या शेडमधली बॅच साडीच्या भावावरच चालायचीय.

परळीहून एक आजी, नातवाने लिहून पाठवलंय: माळकरी आहे मी. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध देतात ते डुकराच्या आतड्यातून काढतात असं कळलं. मी काय करू?

आजी, तुम्हाला कळलं ते खरं आहे. हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या आतल्या आवरणातून काढतात, नळीवर बांधलेलं हेपॅरिन पण सहसा तेच. तुम्ही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, यात लाजायचं काही नाही. काही पेशंटचं डायलिसिस हेपॅरिनशिवाय, मधून मधून सलाईनने नळ्या धुवून करता येतं, पण ते प्रत्येकाला जमत नाही. स्वतःच्या मनाने नकार देऊ नका, एवढंच हात जोडून सांगते. मशिनमध्ये रक्त गोठलं तर तुमचंच रक्त वाया जातं, आणि या आजारात रक्त आधीच कमी असतं.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: अमेरिकेत लॅबमध्ये वाढवलेल्या नसेला मंजुरी मिळाली म्हणे. म्हणजे प्रश्न सुटला ना?

सुटला नाही, पण खरंच मोठं पाऊल आहे. लॉरा निक्लासन या संशोधिकेने १९९९ मध्ये लॅबमध्ये वाढवलेल्या धमन्या दाखवल्या होत्या, आणि त्यांनीच सुरू केलेल्या ह्युमासाइट कंपनीच्या सिमवेस या नळीला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची मंजुरी मिळाली. मधली पंचवीस वर्षं मोजा. हे असं करतात की विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर दात्याच्या स्नायूपेशी पेरतात, काही आठवडे त्या पेशी आपल्याभोवती कोलॅजन वगैरे विणत राहतात, जाळी विरघळते, आणि मग पेशीच धुवून काढतात. उरतो तो माणसाच्याच द्रव्याचा, पण पेशी नसलेला साचा, म्हणून शरीर त्याला परकं मानून हल्ला करत नाही. फ्रीजमधून काढून लगेच वापरता येते, आणि नंतर पेशंटच्या स्वतःच्या पेशी त्यात राहायला येतात. युक्रेनच्या युद्धातल्या जखमींना ती वापरली गेली. मंजुरी आहे ती हातापायाची धमनी जखमेने तुटली, अवयव वाचवायला घाई आहे आणि स्वतःची शीर वापरता येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी. नळी फाटू शकते किंवा जोड सुटू शकतो असा ठळक इशारा पण सोबत आहे. आणि रुंदी ६ मिमी. हृदयाच्या ३ मिमीचं कोडं तसंच उभं आहे.

धाराशिव जिल्ह्यातून एक ताई: मालकांच्या पायात बायपास करून नळी टाकलीय, वर्ष झालं. आता पाय दुखत नाही, चालतात पण बरं. गोळ्या महाग पडायल्यात, आणि त्या घेतल्यापासून दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून बंद कराव्या म्हणतात. बिडी मात्र चालूच आहे.

ताई, बंद करायची ती बिडी. गोळी नाही. पाय दुखत नाही कारण नळी वाहतेय, आणि नळी वाहतेय त्यात त्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. वर सगळं सांगितलं ना, नळी स्वतः काहीच काम करत नाही, ती नुसती पडून असते, अस्तराचं जे काम आहे त्यातलं थोडंसं ती गोळी बाहेरून करते. रक्त थोडं उशिरा थांबणं हे गोळी लागू पडत असल्याची खूण आहे. पण काळी शी झाली, लघवीत रक्त दिसलं, डोक्याला मार लागला तर मात्र ताबडतोब दवाखाना. महाग पडते म्हणून एक दिवसाआड घेणं असलं काही करू नका, डॉक्टरांना सांगा की परवडत नाही, ॲस्पिरिन तर फार स्वस्त आहे आणि दुसऱ्या गोळ्यांमध्येही जेनेरिक मिळतं. बिडीच्या धुराने अस्तर बिघडतं, नसा आवळतात, प्लेटलेट्स चिकट होतात, आणि नळीच्या पुढच्या, गुडघ्याखालच्या मालकांच्या स्वतःच्या बारीक नसा बंद व्हायला लागतात. पुढे वाटच नसेल तर नळी चांगली असून पण तुंबणार. पाय अचानक गार पडला, पांढरा दिसला, मुंग्या येऊन बधिर झाला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. अशा वेळी हातात काही तासच असतात.

सेनगाव तालुक्यातून एक आशाताई: माझ्या गावात किडनीचे तीन पेशंट आहेत, डायलिसिस अजून लागलेलं नाही. मी त्यांच्यासाठी आत्ता काय करू शकते?

तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण न चोकणारी नळी बाजारात यायच्या आधी तुम्हीच काहीतरी करू शकता. सगळ्यात चांगली नळी म्हणजे त्यांच्या हातातली त्यांचीच शीर. उद्या फिस्टुला करायचा झाला तर ती शीर शाबूत लागते, आणि आपल्याकडे ती आधीच खराब झालेली असते, कारण अशक्तपणा आला की सलाईन, ताप आला की सलाईन, आणि प्रत्येक वेळी इंट्राकॅथ ठोकलं ते मनगटाच्या वर नाहीतर कोपराच्या घडीत. शीर सुजते, आतून कडक होते, मग सर्जनला हातात काही सापडत नाही. तिघांनाही सांगा, ज्या हाताने जेवत नाही तो हात जपायचा. त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाईन लावायचं नाही. नाइलाज असेल तर सुई तळहाताच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या खाली. जमलं तर त्यांच्या केसपेपरवर लाल पेनने ठळक लिहून द्या, ‘डाव्या हाताला सुई नको’, म्हणजे गावातला कंपाउंडर असो नाहीतर तालुक्याची सिस्टर, आधी ते वाचेल. डावखुरा असेल तर उजवा लिहा. आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) वाढत चाललं असेल तर फिस्टुला आधीच करून घ्यायला सांगा, तो पिकायला सहा-आठ आठवडे तरी लागतात, कधी जास्त. बरेच जण मानेत कॅथेटर पडल्यावरच पहिल्यांदा फिस्टुल्याचं नाव ऐकतात.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पंधरा तारखेपर्यंत पाठवा. केजच्या दादांनी वडिलांच्या नळीचं काय झालं ते नक्की कळवावं, मी वाट बघतेय.